आवाज जातो, येत नाही

२००२ चा पावसाळा. भोसरी एमआयडीसीत आमची जिग्ज-फिक्स्चर्स, म्हणजे यंत्रावर काम होताना जॉब पक्का धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करून देणारी छोटी कंपनी होती. खाली प्रेस शॉप, वर पत्र्याच्या शेडखाली ड्रॉइंग सेक्शन. सात संगणक, एक सर्व्हर आणि कोपऱ्यात जुन्या पेंटियमवर लिनक्स घालून मी उभा केलेला 'गेट', म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधलं मशीन. त्याच्या पाठीमागे आयएसडीएनचा, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइन संगणकाला जोडून देणारा, टर्मिनल अॅडॅप्टर. सगळ्या ऑफिसचं इंटरनेट त्या एका ६४ केबीपीएसच्या चॅनेलवरून चाले. दुसरा चॅनेल जोडला तर वेग १२८ व्हायचा, पण मग बीएसएनएलच्या मीटरवर एकाच वेळी दोन कॉल पडायचे. त्यामुळे अकाउंट्सच्या काकांनी त्याला कायमची बंदी घातली होती.

त्या वर्षी १ एप्रिलपासून आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली होती. साहेबांनी ती बातमी बहुतेक कापून ठेवली असावी. कारण जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने "ड्रॉइंग समोर ठेवून बोलू" म्हणताच त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "नेटमीटिंग लावून टाक. शुक्रवारी दोन वाजता. फुकटात आहे ना ते?"

फुकटात होतं खरं. नेटमीटिंग म्हणजे इंटरनेटवरून आवाज, चित्र, चॅट आणि आपल्या पडद्यावरची खिडकी दुसऱ्याला दाखवायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम. विंडोज २००० मध्ये त्याची ३.०१ आवृत्ती आतच यायची. स्टार्टमध्ये जाऊन रनमध्ये 'कॉन्फ' टाइप केलं की उघडतं. दिवस होता सोमवार, आणि आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, कारण भोसरीत वीज गुरुवारी बंद. म्हणजे हातात तीन दिवस. तीन दिवस भरपूर झाले, असं मला वाटलं.

पहिल्यांदा उघडल्यावर ते नाव, आडनाव आणि ई-मेल विचारतं. न भरता पुढे जाऊच देत नाही. मग विचारतं, सुरू होताना डिरेक्टरी सर्व्हरवर लॉग-ऑन करू का? ही खूण काढायची. आमच्यासारख्या गेटच्या आड बसलेल्यांकडे ती राहिली तर प्रोग्रॅम सर्व्हर शोधत ताटकळत बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन हँग झालं. शिवाय जगाच्या यादीत आपलं नाव लावून कोणाला दाखवायचंय?

पुढचा प्रश्न जोडणीचा. चार पर्याय होते: १४४०० चा मोडेम, २८८०० किंवा जास्तीचा मोडेम, केबल-एक्सडीएसएल-आयएसडीएन, आणि लोकल एरिया नेटवर्क. माझ्या मशीनला मागे निळी लॅन केबल लावलेली. मी डोळे झाकून शेवटचा पर्याय निवडला. या एका टिचकीचं काय झालं ते पुढे येईलच.

मग आवाजाची चाचणी. ती माइकमध्ये एक वाक्य मोठ्याने वाचायला लावते आणि हिरवी पट्टी वरखाली होते. माझी पट्टी हलेचना. दोन वेळा वाचलं, तिसऱ्यांदा ओरडून वाचलं. चहा घेऊन आलेल्या मामांनी विचारलं, "कोणाला वाचून दाखवताय, साहेब?" माइकची पिन गुलाबी भोकातच होती. चूक व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये होती. तिथे जे पॅनेल आधी दिसतं ते ऐकण्याचं. रेकॉर्डिंगचं पॅनेल वेगळं, ऑप्शन्समध्ये प्रॉपर्टीजमध्ये जाऊन काढावं लागतं. त्यात 'लाइन इन' निवडलेलं होतं. मायक्रोफोनवर खूण केली, तेव्हा पट्टी नाचायला लागली.

सोमवारी संध्याकाळी ड्रॉइंग सेक्शनच्या मॅडमच्या मशीनवरही ते चढवलं आणि ऑफिसातल्या ऑफिसात कॉल केला. त्यांच्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.०.१५ टाइप केला, पलीकडे घंटी वाजली, मॅडम हसताना दिसल्या. आवाज स्वच्छ, चित्र बऱ्यापैकी. आवाज आणखी चांगला यावा म्हणून मी अॅडव्हान्स्ड कॉम्प्रेशनमध्ये गेलो आणि यादीत खाली असलेला 'सीसीआयटीटी' नावाचा ६४ केबीपीएसवाला कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बांधायची पद्धत, वर ओढला. टेलिफोनच्या तोडीचा आवाज! साहेबांना बोलावून दाखवलं. तेही खूश, मीही खूश.

मंगळवारी दुपारी जर्मनीला पहिला कॉल. तिकडच्या आयटीवाल्याने त्यांच्या फायरवॉलबाहेर एक मशीन ठेवून त्याचा आयपी ई-मेलने पाठवला होता. मी कॉल केला, तो लागला. चॅटच्या खिडकीत त्याचं 'हॅलो' उमटलं. व्हाइटबोर्ड उघडला तर त्याने काढलेली वाकडी रेघ माझ्याकडे दिसली. मी "ऐकू येतंय का?" असं बोललो, त्याने चॅटमध्ये लिहिलं, "हो, तुटक पण येतंय. मी बोलतोय ते ऐकू येतंय का?"

माझ्याकडे शांतता. स्पीकरमध्ये साधी खरखरसुद्धा नाही.

आता इथे मी जे केलं ते आज सांगताना जीभ जड होते. आवाज येत नाही म्हटल्यावर मी आवाजाच्या मागे लागलो. स्पीकर बदलले. साउंड कार्डाचा ड्रायव्हर काढून परत घातला. कार्ड हाफ-डुप्लेक्स तर नाही ना, म्हणजे वॉकीटॉकीसारखं एका वेळी एकाच दिशेने चालणारं, अशी शंका आली. ती फेडण्यासाठी स्टोअरमधून दुसरं कार्ड आणून बसवलं. मंगळवार त्यात गेला, बुधवारची सकाळ गेली. प्रत्येक बदलानंतर मॅडमना कॉल करून बघायचो. तिथे आवाज ठणठणीत. जर्मनीला लावलं की मुकं.

खरं म्हणजे उत्तर पहिल्या पाच मिनिटांतच समोर होतं. त्याचं चित्रही माझ्याकडे येत नव्हतं, नुसता काळा चौकोन. पण त्याच्याकडे कॅमेरा नसेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि विचारायची तसदी घेतली नाही. बुधवारी दुपारी त्यानेच सहज लिहिलं, "माझा नवा कॅमेरा कसा वाटतो?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आवाज आणि चित्र दोन्ही येत नाहीत, चॅट आणि बोर्ड मात्र दोन्ही बाजूंनी चालतात. यात स्पीकरचा काय दोष?

संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर लिनक्सच्या मशीनसमोर बसलो. टीसीपीडंप, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेटं (माहितीचे तुकडे) दाखवणारा प्रोग्रॅम, लावून बाहेरच्या बाजूचा, पीपीपी-झीरोचा प्रवाह बघितला. १७२० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार) कॉल जुळतो, १५०३ वर बोर्ड आणि चॅट जातं-येतं. हे दोन्ही टीसीपी, म्हणजे आधी जोडणी उघडून बोलणारे, आणि ती जोडणी आतून बाहेर आम्हीच उघडलेली, म्हणून परतीचा रस्ता गेटला ठाऊक. आवाज मात्र यूडीपीवर, म्हणजे जोडणी न उघडता नुसती पॅकेटं सोडणारा, आणि पोर्ट दर कॉलला नवा. आमच्याकडून जाणारी पॅकेटं एकामागोमाग एक पडद्यावरून सरकत होती. येणारं एकही नाही.

मग आतला मजकूर बघावा म्हणून सोळाच्या अंकपद्धतीतला डंप काढला, तर काहीच हाती लागेना. नंतर लक्षात आलं की टीसीपीडंप मुळात प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच उचलतो, बाकी फेकून देतो. मर्यादा १५०० केली आणि पुन्हा कॉल लावला. आवाज कुठून कुठे जाईल हे ठरवताना दोन्ही प्रोग्रॅम आपसात जी बोलणी करतात, त्यातल्या एका पॅकेटवर नजर अडकली: सी-झीरो, ए-एट, झीरो-झीरो, झीरो-सी. पॅडच्या मागच्या पानावर फोड केली. सी-झीरो म्हणजे १९२. ए-एट म्हणजे १६८. मग ०. मग १२.

१९२.१६८.०.१२. माझ्याच मशीनचा आतला पत्ता, पॅकेटच्या पोटात, जर्मनीला चाललेला.

गुरुवारी घरी बसून मायक्रोसॉफ्टचा नेटमीटिंग आणि फायरवॉलवरचा लेख वाचला, आदल्या रात्री डॉट मॅट्रिक्सवर छापून आणलेला. काय बिघडतंय ते बायकोला सांगताना मलाच नीट समजलं. समजा, सदाशिव पेठेतल्या एका मोठ्या वाड्यात बारा बिऱ्हाडं आहेत. दाराशी एक भय्या बसतो. कोणाचंही पत्र बाहेर जाताना तो पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून वाड्याचा पत्ता घालतो, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला नेऊन देतो. आमचा लिनक्स म्हणजे हा भय्या. पण नेटमीटिंग काय करतं, तर पाकिटाच्या आत, पत्राच्या मजकुरात लिहितं, "उत्तर खोली नंबर बारावर पाठवा." भय्या पाकीट फोडत नाही. जर्मनीतला माणूस प्रामाणिकपणे खोली नंबर बारा शोधतो. असा पत्ता जगात हजार ठिकाणी आहे आणि बाहेरच्या रस्त्यावर एकाही ठिकाणी नाही. त्याचा आवाज तिकडेच हवेत विरतो.

बायको म्हणाली, "मग भय्याला सांगा पाकीट फोडायला."

अगदी बरोबर उपाय होता. एच.३२३ ही त्या बोलण्याची पद्धत, आणि ती समजणारा, पत्र उघडून आतला पत्ताही बदलणारा प्रोग्रॅम लिनक्ससाठी फुकट मिळत होता: ओपनएच३२३ गेटकीपर, प्रॉक्सी म्हणून चालवायचा. शुक्रवारी सकाळी सातलाच ऑफिस उघडून मी तो उतरवून घेतला. पण तो बांधायच्या आधी दोन लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारे सुटे भाग, बांधाव्या लागत, आणि आमच्या ६४ एमबीच्या पेंटियमने पहिलीच लायब्ररी कंपाइल करताना डिस्क अशी कुरतडायला घेतली की नऊ वाजता आलेले लोक विचारायला लागले, आज मेल का येत नाही? साडेनऊला मी कंट्रोल-सी दाबून ते थांबवलं. दोन वाजता मीटिंग.

मग राहिला जुगाड. गेट मधून काढायचाच. टर्मिनल अॅडॅप्टरची सिरियल केबल लिनक्सच्या पाठीतून उपसली आणि ड्रॉइंग सेक्शनमधल्या मॅडमच्या वर्कस्टेशनला, कॉम-१ ला लावली. त्याच मशीनवरून थेट इंटरनेट देणाऱ्या व्हीएसएनएलला डायल केलं. आता खरा, बाहेरचा आयपी त्या मशीनलाच मिळाला. ऑफिसच्या इतर लोकांचं इंटरनेट गेलं. त्यांना सांगितलं, चारपर्यंत चहा प्या. एक काळजी मात्र घेतली. नुसतं मशीन उघड्यावर बसवायचं आणि आदल्याच वर्षी निमडा नावाच्या व्हायरसने निम्मं जग आजारी पाडलेलं. म्हणून त्या डायल-अपच्या गुणधर्मांत जाऊन फाइल आणि प्रिंटर शेअरिंगची खूण काढून टाकली.

कॉल लावला. पुन्हा शांतता.

तेव्हा मात्र खुर्चीत टेकून बसलो. मग हेल्पमध्ये जाऊन 'अबाउट' उघडलं. नेटमीटिंगला स्वतःचा आयपी काय वाटतो हे तिथे खाली छापलेलं असतं. दोन आकडे होते: एक व्हीएसएनएलचा, एक १९२.१६८.०.१५. लॅन केबल अजून मागे लोंबत होती आणि हा शहाणा अजूनही खोली नंबर सांगत होता. केबल उपसली, पुन्हा उघडून बघितलं, एकच आकडा. पुन्हा कॉल.

"हॅलो? हॅलो, पुणे?"

तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. इतका जाड असेल असं वाटलं नव्हतं.

पण साडेअकरा वाजलेले आणि बोलणं समजेल तर शपथ. दर दुसरा शब्द गिळला जायचा. ऑटोकॅडची खिडकी शेअर केली तर तिकडे पूर्ण उमटायला मिनिटभर. इथे सोमवारच्या माझ्या दोन करामती अंगाशी आल्या, कारण मॅडमच्या मशीनवरही मी अगदी तस्सेच सेटिंग केले होते. 'लोकल एरिया नेटवर्क' निवडल्यामुळे नेटमीटिंग समजत होतं की रस्ता चौपदरी आहे, आणि चित्र मोकळ्या हाताने ढकलत होतं. आणि माझा लाडका टेलिफोनच्या तोडीचा कोडेक एकटाच ६४ केबीपीएस खात होता, म्हणजे आमची अख्खी लाइन. पॅकेटांच्या वेष्टनाला जागाच नाही.

जोडणी आयएसडीएनवर आणली. कोडेक परत जी.७२३.१ केला, ६४०० बिट्सवाला. तो ३० मिलिसेकंदांचा आवाज २४ बाइटमध्ये बसवतो. गंमत म्हणजे एका पॅकेटात असा एकच तुकडा घातला तर त्यावर पत्त्यांचं ओझं ४० बाइटचं, मालापेक्षा हमाली जास्त. तरी सगळं मिळून १७ केबीपीएसच्या आसपास बसतं. चित्राचा आकार 'स्मॉल' केला, १२८ बाय ९६, पोस्टाच्या तिकिटाएवढा माणूस. नंतर चित्र बंदच करून टाकलं. त्यांना आमची तोंडं बघायची नव्हती, फिक्स्चर बघायचं होतं. मॅडमना एकच विनंती केली: माउसच्या चाकाने झूम करू नका, चाकाच्या प्रत्येक खाचेला सगळा पडदा नव्याने तिकडे जातो. काय दाखवायचं ते आधी ठरवून एकदाच झूम करायचं. चॅटची खिडकी ऑटोकॅडवर आली की तिकडे तेवढ्या भागावर नुसत्या तिरक्या रेघा दिसतात, तीही बाजूला सारून ठेवायची.

दीड वाजता मॅडम ओरडल्या, "अहो, प्लेट कुठे गेली?"

लॅन केबल काढलेली, म्हणून ड्रॉइंगची फाइल त्यांनी आधीच लोकल डिस्कवर उतरवून घेतली होती. पण बेस प्लेट एक्सरेफने, म्हणजे दुसऱ्या फाइलीचा नुसता संदर्भ देऊन, जोडलेली, तिची फाइल सर्व्हरवर. पडद्यावर क्लॅम्प आणि लोकेटिंग पिना अधांतरी तरंगत होत्या. केबल परत लावली, जोडलेल्या चारही फाइली शोधून उतरवल्या, पाथ बदलले, केबल परत काढली. तेवढ्यात डायल-अप तुटलं. पुन्हा डायल केलं, आयपी नवा मिळाला, पण कॉल आम्हीच करत असल्याने त्याची कोणाला चौकशी नव्हती. एक वाजून पंचावन्न मिनिटं. साहेब टाय लावून आले. कॅमेरा बंद आहे हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

मीटिंग सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला तिकडून प्रश्न आला, "मागे हा ठोकण्याचा आवाज कसला?" खाली प्रेस चालू होता. आम्हाला तो ऐकूच येत नाही, इतका अंगवळणी. पण नेटमीटिंग त्या ठोक्यांनाच बोलणं समजत होतं, त्यामुळे माइक कधी मिटतच नव्हता आणि लाइन विनाकारण भरत होती. ऑप्शन्समध्ये ऑडिओच्या पानावर शांतता ओळखण्याची पट्टी आहे. ती आपोआपवरून काढून हाताने वर सरकवली. माइक साहेबांच्या तोंडाजवळ आणला. आणि मामांना खाली पाठवलं, प्रेस अर्धा तास बंद ठेवा म्हणून. सुपरवायझरने त्यांना काय उत्तर दिलं ते मामांनी आम्हाला सांगितलं नाही, पण प्रेस थांबला.

पुढचा पाऊण तास मला आजही आठवतो. बोलणं अर्धा-पाऊण सेकंद उशिरा यायचं, त्यामुळे दोघं एकदम बोलायला लागायचे आणि दोघं एकदम थांबायचे. शेवटी त्यांनीच शिस्त लावली: बोलून झालं की 'ओके' म्हणायचं. मॅडमनी ड्रॉइंगचा तो भाग व्हाइटबोर्डवर चिकटवला. तिकडून एक लाल वर्तुळ हळूहळू, थरथरत, एका भोकाभोवती काढलं गेलं. सहा मिलिमीटरचं डॉवेल पिनचं भोक. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, ते क्लॅम्पच्या हाताखाली येतंय, पिन काढायला पाना जाणार कसा? ओके. मॅडम दोन सेकंद गप्प. मग त्यांनी माउस हातात घेतला आणि बाजूला चौदा मिलिमीटर सरकवून हिरवं वर्तुळ काढलं. ओके. पलीकडे थोडी कुजबुज, आणि मग, "गुट." म्हणजे जर्मनमध्ये 'छान'. हा एक शब्द कुरिअरने गेला-आला असता तर आठवडा लागला असता.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मीटिंग ठरायची. गेटकीपर बसवायचं माझ्या वहीत बरेच महिने लिहिलेलं होतं; नव्या मशीनला रॅम मिळेपर्यंत ते तसंच राहिलं. तोवर सिरियल केबलचाच खेळ. केबलच्या टोकाला चिठ्ठी चिकटवली होती: 'मीटिंग संपल्यावर परत गेटला लावणे.' ऑगस्टमधल्या एका मीटिंगनंतर मी ती चिठ्ठी वाचली, केबल काढली, फोन आला म्हणून हातातली केबल टेबलावर ठेवली आणि तसाच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही मेल आली नाही, आणि सगळ्यांत आधी ओरडले ते अकाउंट्सचे काका.